१८५७ नंतर इंग्रजांनी भारतीय शिपायांच्या रायफली मुद्दाम 'बोथट' का केल्या?

समजा, १८६० च्या दशकातली एक लष्करी छावणी आहे. परेडच्या मैदानात दोन शिपाई उभे आहेत. एक गोरा, दुसरा देशी. दोघांच्याही खांद्यावर बंदूक आहे. लांबी जवळपास सारखीच, लाकडी दस्ता तसाच, नळीला घट्ट धरून ठेवणाऱ्या तीन कड्याही तशाच. लांबून पाहणाऱ्याला वाटेल की राणीच्या सरकारनं दोघांना एकच हत्यार दिलंय.

पण गोऱ्या शिपायाच्या बंदुकीच्या नळीत आतून वळणावळणाच्या खाचा आहेत. देशी शिपायाच्या नळीत त्या नाहीत. तिथली नळी आतून पाइपासारखी सपाट आहे.

फरक एवढाच. पण या एवढ्याशा फरकानं दोन्ही बंदुकांचा पल्ला काही पटींनी वेगळा झाला होता. आणि हा फरक चुकून पडलेला नव्हता. चांगली रायफल हाताशी असताना तिच्यातली ताकद काढून मग ती भारतीय शिपायाच्या हातात देण्यात आली होती.

असं का केलं? आणि एवढ्यानं नक्की काय बिघडलं? हे समजून घ्यायचं तर आधी रायफल म्हणजे काय, ते बघावं लागेल.

साधी बंदूक आणि रायफल, फरक काय?

आपण बोलताना बंदूक, रायफल, मस्केट हे सगळे शब्द एकाच अर्थानं वापरतो. पण 'रायफल' हे नाव नळीच्या आतल्या खाचांवरून आलं आहे. नळीच्या आत स्क्रूच्या आट्यांसारख्या, पण खूप सैल वळणाच्या खाचा पाडलेल्या असतात. त्यांना रायफलिंग म्हणतात. गोळी या खाचांना घासत बाहेर पडते, तेव्हा तिला स्वतःभोवती गिरकी मिळते.

भोवरा फिरत असतो तोवर टोकावर उभा राहतो आणि थांबला की कोलमडतो. गोळीचंही तसंच आहे. गिरकी घेणारी गोळी आपली दिशा टिकवून ठेवते. गिरकी नसलेली गोळी हवेत कुठेही भरकटते.

ज्या बंदुकीच्या नळीत खाचा नसतात, तिला स्मूथबोअर म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांकडे कित्येक दशकं अशीच बंदूक होती. तिचं टोपणनाव 'ब्राऊन बेस'. नळीचा व्यास ०.७५ इंच. गोळी शिशाची, गोल आणि नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान, कारण ती तोंडाकडून पटकन आत सरकायला हवी. त्यामुळे बार उडाला की गोळी नळीत इकडून तिकडे आपटत बाहेर यायची. शेवटची धडक जिकडे बसेल, तिकडे तिचं तोंड वळायचं.

म्हणून ब्राऊन बेसनं एका माणसावर नेम धरायचा तर ७५-१०० यार्डांपर्यंतच अर्थ होता. (एक यार्ड म्हणजे एका मीटरपेक्षा थोडं कमी.) त्यापुढे शे-दोनशे जणांनी एकदम बार काढायचे आणि समोरच्या गर्दीत कुणाला तरी लागेल अशी आशा करायची.

मग सगळ्यांनी आधीपासूनच रायफल का वापरली नाही?

कारण रायफल भरायला फार वेळ लागायचा. त्या काळातल्या या सगळ्या बंदुका म्हणजे आपल्या कोकणात ज्याला 'ठासणीची बंदूक' म्हणतात, तो प्रकार. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची आणि गजानं ठासायची. गोळी खाचांमध्ये घट्ट बसायला हवी असेल, तर ती जोर लावून खाली ढकलावी लागायची. शत्रू अंगावर धावून येत असताना एवढा वेळ कोणाकडे असणार? त्यामुळे रायफल शिकाऱ्यांकडे आणि सैन्यातल्या मोजक्या नेमबाजांकडेच दिसायची.

हे कोडं १८४० च्या दशकाच्या शेवटी सुटलं. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाणारी लांबट गोळी आली. ती नळीपेक्षा किंचित बारीक असल्यामुळे सहज आत जायची. पण तिचा तळ पोकळ होता. बार उडाला की मागच्या वायूच्या दाबानं मऊ शिशाचा तो तळ फुगायचा आणि खाचांमध्ये घट्ट बसायचा. म्हणजे भरताना साधी बंदूक आणि उडवताना रायफल!

ब्रिटिशांनी याच तत्त्वावर १८५३ मध्ये नवी रायफल आणली. तिचं नाव पॅटर्न १८५३ एनफिल्ड. नळीचा व्यास ०.५७७ इंच, लांबी ३९ इंच, आत तीन खाचा. या खाचांचं वळण इतकं सैल होतं की ७८ इंचांत एक फेरा पूर्ण व्हायचा. म्हणजे नळीतून जाताना गोळीला जेमतेम अर्धी गिरकी मिळायची. ऐकायला कमी वाटतं, पण गोळीचा वेग एवढा असायचा की बाहेर पडल्यावर ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा स्वतःभोवती फिरायची.

या रायफलीच्या मागच्या बाजूला उभी करता येणारी एक छोटी पट्टी होती. जेवढं लांबचं लक्ष्य, तेवढ्या वरच्या खुणेवर ती सरकवायची. या खुणा ९०० यार्डांपर्यंत आणि काही नमुन्यांवर त्याहीपुढे होत्या. एवढ्या लांब एखादा माणूस टिपणं अवघडच, पण एखाद्या तुकडीवर किंवा तोफेभोवतीच्या माणसांवर मारा करता यायचा. जिथे जुनी बंदूक शंभर यार्डांवर हात टेकायची, तिथे एनफिल्डचं काम सुरू व्हायचं.

जिच्यावरून ठिणगी पडली, तीच एनफिल्ड

ही तीच एनफिल्ड, जिच्या काडतुसांचा किस्सा आपण शाळेत शिकलोय. गोळी आणि दारू एका कागदी पुडीत बांधलेली असायची. गोळी सहज सरकावी म्हणून पुडीच्या गोळीकडच्या टोकाला चरबी लावलेली असायची. शिपायानं ती पुडी दातांनी फाडायची, असा नियम होता. ही चरबी कोणत्या जनावराची आहे, याची कंपनीनं नीट खातरजमाच केलेली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडममधून बातमी फुटली की ती गाईची आणि डुकराची आहे.

पुढच्या गोष्टी झपाट्यानं घडल्या. फेब्रुवारीत बहरामपूरला १९ व्या पलटणीनं काडतुसं घ्यायला नकार दिला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी बंड केलं. २४ एप्रिलला मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसांना हात लावला नाही. त्यांना शिक्षा झाली आणि १० मे रोजी मेरठ पेटलं. ३१ जुलैला याची धग कोल्हापूरपर्यंत आली. तिथे मुंबई लष्कराच्या २७ व्या पलटणीनं उठाव केला.

अर्थात उठावाची कारणं काडतुसांपुरती नव्हती. खालसा केलेली संस्थानं, पगार, भत्ते, धर्माविषयीची भीती, असं बरंच काही साचलं होतं.

पण या गोष्टीची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. ज्या रायफलीवरून ठिणगी पडली, ती उठाव करणाऱ्या बहुतेक शिपायांच्या हातात कधी आलीच नाही. १८५७ च्या सुरुवातीला एनफिल्डचं शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट अशा केंद्रांवर नुकतं सुरू झालं होतं. त्यामुळे उठाव करणारे शिपाई बहुतांशी गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकांनीच लढले. एनफिल्ड होती ती त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या गोऱ्या पलटणींकडे.

१२ जुलै १८५७ ला फत्तेपूरच्या लढाईत याचा परिणाम दिसला. हॅवलॉकच्या फौजेनं एनफिल्डच्या लांब पल्ल्याच्या माऱ्यानं आणि तोफांनी समोरच्या फळीला जवळ येण्याआधीच मागे रेटलं. उठावकऱ्यांच्या बंदुका तिथवर पोहोचतच नव्हत्या.

म्हणजे एनफिल्डनं उठावाला निमित्त दिलं आणि उठाव मोडायलाही तीच कामाला आली. इंग्रजांनी यातून जो धडा घेतला, तो काडतुसांपुरता नव्हता. हीच रायफल समोरच्यांच्या हातात असती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला.

सैन्य हवं, पण भरवसा नाही

१८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला आणि भारत थेट ब्रिटिश राजसत्तेखाली गेला. लष्कराची फेररचना कशी करायची, हे ठरवायला ब्रिटनचे युद्धमंत्री जोनाथन पील यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १८५९ मध्ये त्याचा अहवाल आला.

उठावाआधी एका गोऱ्या सैनिकामागे पाचाहून अधिक देशी शिपाई होते. आयोगानं सांगितलं की बंगालमध्ये हे प्रमाण एकास दोन आणि मुंबई व मद्रासमध्ये एकास तीनच्या पुढे जाऊ नये. शिवाय तोफखाना गोऱ्यांच्याच हातात राहावा, मोजके अपवाद सोडून.

सरळ हिशेब होता. देशी शिपायाशिवाय एवढा मोठा देश ताब्यात ठेवणं परवडणारं नव्हतं. पण त्याच्यावर भरवसाही उरला नव्हता. मग त्याला सैन्यात ठेवायचं, पण लढाईत वरचढ ठरेल असं काही त्याच्या हातात पडू द्यायचं नाही. तोफा काढून घेतल्याच होत्या. राहिली रायफल.

नळीतून खाचा गायब

यातूनच पुढे आली 'पॅटर्न १८५८'. ही म्हणजे दुसरी-तिसरी कुठली बंदूक नव्हती, एनफिल्डच होती. फक्त तिच्या नळीतलं रायफलिंग आतून कापून काढलेलं होतं. खाचा गेल्या आणि नळीचा व्यास ०.५७७ वरून ०.६५६ इंच झाला. म्हणजे भोक बरोबर दोन मिलिमीटरनं मोठं झालं.

मागची सरकती पट्टीही काढली गेली. तिच्या जागी एक साधी, न हलणारी खाच आली. बरोबरच आहे, ज्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपुढे लागणारच नाही, तिला लांबच्या अंतराच्या खुणा कशाला हव्यात?

आता कुणी म्हणेल, गुळगुळीत नळीच्या बंदुकीला घट्ट बसणारी, चरबी लावलेली गोळी लागत नाही, म्हणजे शिपायांच्या भावना जपायलाच हे केलं असेल. पण तेवढाच प्रश्न असता, तर काडतूस बदलून भागलं असतं. पुडी दातांनी न फाडता हातानं फाडायची परवानगी तर १८५७ च्या मार्चमध्येच, म्हणजे मेरठच्या आधीच दिली गेली होती. चरबीचा प्रश्न काडतुसाचा होता. इथे हात घातला गेला तो नळीला.

व्यास बदलल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. गोऱ्या पलटणींचा दारूगोळा उद्या देशी शिपायांच्या हाती लागला, तरी ०.५७७ इंचाच्या नळीसाठी बनलेली गोळी त्यांच्या रुंद नळीत सैलच राहणार. तिचा काही उपयोग नाही.

पण बंदुकीनं सूड घेतला

या बदलात एक तांत्रिक घोळ होता. एनफिल्डच्या नळीची जाडी ठरवताना आतल्या भोकाचा व्यास ०.५७७ इंच धरलेला होता. भोक दोन मिलिमीटरनं वाढलं, म्हणजे नळीची भिंत चारही बाजूंनी एकेक मिलिमीटर पातळ झाली.

नळीच्या मागच्या बाजूला भिंत जाड असते, कारण दारूचा सगळ्यात जास्त दाब तिथे येतो. तोंडाकडे ती निमुळती आणि पातळ होत जाते. तिथला एक मिलिमीटर गेला की फारसं काही उरत नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. या नळ्या फुगू लागल्या. पुढे संगीन लावून वापरली की वाकू लागल्या.

शिपायाच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? आधीच त्याच्या बंदुकीचा पल्ला कापला होता. आता हातघाईच्या लढाईत संगीन खुपसताना नळीच वाकेल, ही धास्ती वेगळी.

यावर उपाय निघाला तो 'पॅटर्न १८५९' नावानं. इथे जुन्या नळ्या कोरत बसायचा उद्योग सोडून दिला आणि मुळातच जाड भिंतीची, गुळगुळीत नळी बनवली. बाहेरून बंदूक पुन्हा एनफिल्डसारखीच. म्हणजे नळ्या नव्यानं बनवायची वेळ आली, तेव्हाही त्यात खाचा पाडायच्या नाहीत, हे ठरलेलंच होतं. आधी जुन्या मालाची डागडुजी होती, आता ते धोरण झालं.

पल्ला कमी म्हणजे काय, हे इंग्रजांना माहीत होतं

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच. पहिल्या अफगाण युद्धात, म्हणजे १८३९ ते १८४२ च्या काळात, कंपनीच्या फौजेकडे ब्राऊन बेस होत्या आणि अफगाणांकडे लांब नळीच्या जेझाईल. डोंगरावर बसलेला अफगाण खालच्या शिपायाला टिपायचा आणि शिपायाची गोळी त्याच्यापर्यंत पोहोचायची नाही. काबूलहून माघार घेताना ती फौज जवळजवळ संपली. मेलेल्यांमध्ये देशी शिपाई गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते.

या अनुभवानंतर वीस वर्षांच्या आत त्याच सरहद्दीचं रक्षण करणाऱ्या सैन्यातल्या देशी शिपायांना पुन्हा गुळगुळीत नळी मिळाली. सरकारसमोर दोन धोके होते. शिपाई कमी पल्ल्यामुळे शत्रूकडून मारला जाण्याचा एक आणि तोच शिपाई चांगल्या रायफलीनिशी उलटण्याचा दुसरा. सरकारनं पहिला धोका पत्करला. आणि तो पत्करताना जीव पणाला लागणार होता शिपायाचा.

एक पिढी मागे

गुळगुळीत नळी कायमची राहिली नाही. जगभर बंदुका इतक्या वेगानं बदलत होत्या की तसं करून चालणारही नव्हतं. पण त्यामागचा विचार मात्र टिकला.

१८६६ पासून ब्रिटिश सैन्यात मागून भरायची स्नायडर-एनफिल्ड आली. १८७१ मध्ये त्यांनी मार्टिनी-हेन्री ही आणखी चांगली रायफल स्वीकारली. गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी येत गेल्या, तशा देशी पलटणींकडे स्नायडर आल्या. पुढे ब्रिटिशांनी मॅगझिनची ली-मेटफर्ड घेतली आणि मार्टिनी भारतीयांकडे आल्या. नेहमी एक पायरी खाली.

२७ जुलै १८८० ची मैवंदची लढाई याचं ठळक उदाहरण. अफगाणिस्तानातल्या या लढाईत ब्रिटिशांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. त्याच फळीत उभ्या असलेल्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींकडे स्नायडर होत्या. या पराभवाची कारणं बरीच होती, सगळं खापर बंदुकीवर फोडता येणार नाही. पण एकाच मैदानात, एकाच शत्रूसमोर उभ्या असलेल्या शिपायांच्या हातात दोन वेगळ्या दर्जाची हत्यारं होती आणि ती कातडीच्या रंगावरून वाटली गेली होती, हे खरंच आहे.

पहिल्या महायुद्धापर्यंत चित्र बदलत गेलं. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय फौजा फ्रान्समध्ये मार्सेल्सला उतरल्या, तेव्हा त्यांच्याकडच्या रायफली काढून घेऊन नव्या नमुन्याच्या देण्यात आल्या. युरोपातल्या खंदकांमध्ये माणसांची गरज इतकी होती की जुन्या संशयाला तिथे जागाच नव्हती.

तीच युक्ती, पुन्हा एकदा

सैन्यातून गेलेली ही कल्पना पोलिसांकडे मात्र पुन्हा आली. विसाव्या शतकात कलकत्त्याजवळच्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलींचं रूपांतर ०.४१० बोअरच्या गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये केलं गेलं. एका वेळी एकच गोळी भरता यावी म्हणून मॅगझिनची जागा लाकडी ठोकळ्यानं बुजवली जायची. ही बंदूक पोलीस आणि पहाऱ्यासाठी होती. पल्ला कमी, एकावेळी एकच बार, आणि सैन्याचं .३०३ काडतूस तिच्यात चालायचं नाही. म्हणजे ती कुणी पळवली, तरी फार काही करता येणार नाही.

मधल्या काळात सामान्य माणसाच्या हत्यारांवरही टाच आली होती. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्यानं भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र ठेवायला बंदी केली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. स्वतंत्र भारतानं १९५९ च्या शस्त्र अधिनियमानं हा जुना कायदा मोडीत काढला आणि तिथे वंशावरून भेद उरला नाही. पण परवान्याची अट राहिली. बंदूक बनवणं किंवा तिच्यात फेरबदल करणं यालाही परवाना लागतो, मग ती आजोबांच्या काळातली ठासणीची का असेना.

आजही कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आहेत. माळ्यावर एखादी जुनी, विसरलेली बंदूक सापडलीच, तर ती साफ करायला घेऊ नका, नळीत डोकावू तर अजिबात नका. अशा बंदुकांमध्ये कित्येक वर्षांपूर्वी ठासलेला बार तसाच असू शकतो आणि ती दारू अजूनही पेट घेऊ शकते. आधी पोलीस ठाण्याला कळवा.

आणि कधी एखाद्या संग्रहालयात काचेमागे एनफिल्ड दिसली, तर नळीच्या मागच्या भागावर वरून नजर टाका. तिथे खुणा असलेली, उभी करता येणारी पट्टी असेल, तर ती बहुधा गोऱ्या शिपायासाठी बनलेली रायफल. आणि पट्टीच्या जागी नुसती एक न हलणारी खाच असेल, तर ती बंदूक एखाद्या भारतीय शिपायाच्या खांद्यावर असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्याकडून सरकारला निष्ठा पूर्ण हवी होती, पण हत्यार मात्र त्यांनी अर्धंच दिलं होतं.